सागवानी मर्सिडीज

मर्सिडीज म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळी, लांबलचक गाडी, मागे साहेब आणि पुढे पांढऱ्या कपड्यांतला ड्रायव्हर? माझ्या मर्सिडीजला चाकं सहा आहेत. मागे गुळाच्या ढेपी भरायचा हौदा आहे, आणि केबिन चक्क सागवानाची आहे! ऑफिसात फोटो दाखवला की सगळे आधी हसतात, मग जाळीवरचा तो तीन टोकांचा तारा बघतात, आणि मग गुपचूप फोटो झूम करतात.

तर मंडळी, हा १९६५ सालचा टाटा-मर्सिडीज १२१०. टेल्कोनं (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, नाव बदललं २००३ मध्ये) १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, जाळीवरचा तारा उतरला आणि तिथे गोलातला ‘टी’ बसला. त्यामुळे तारावाला ट्रक दिसला की वय विचारायची गरज नाही, तो त्या पंधरा वर्षांतलाच. १२१० या आकड्याचा फंडाही सोपा आहे. बारा म्हणजे मालासकट बारा टन वजन, आणि दहा म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर. आजकालच्या एखाद्या बऱ्या हॅचबॅकच्या बोनेटखाली जवळपास एवढीच ताकद असते. त्यावर बारा टन!

पण खरी गंमत लाकडाची आहे.

कारखान्यातून यायचा तो अर्धाच ट्रक. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बोनेट आणि पुढचं तोंड. बस्स. दरवाजे नाहीत, टप नाही, मागची भिंत नाही. फळीवर किंवा खोक्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून ड्रायव्हर ती उघडी चासी शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. पुढचं काम बॉडी बिल्डरचं, म्हणजे प्रत्यक्षात एक सुतार, एक लोहार, एक पत्र्यावाला आणि एक पेंटर. हिरोला जसा मेकअपमन तसं हे चौकडं! माल काय वाहायचा, रस्ता कुठला, मालकाला काय आवडतं, यावर केबिन आणि हौदा ठरायचा. म्हणून एकाच कारखान्याचे ट्रक पंजाबात वेगळे दिसायचे, तमिळनाडूत वेगळे आणि आपल्याकडे वेगळे.

आमचा हा ट्रक आजोबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा. कोल्हापूरहून गूळ घेऊन मुंबई गाठायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा. आजोबा गेल्यावर मामानं तो काही वर्षं चालवला, मग शेडमध्ये उभा केला आणि तो तिथेच राहिला. गेल्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला.

‘‘अगं, शेडची जागा विकली. दिवाळीपर्यंत मोकळी करून द्यायचीय. भंगारवाला बघून गेलाय, किलोवर घेतो म्हणाला.’’

‘‘मामा, लाकडाचे किती?’’

‘‘लाकडाचे काय द्यायचेत त्यानं? ते जळणाला.’’

त्या ‘जळणाला’नं माझं डोकं फिरलं. हातात सहा महिने होते आणि बँकेत फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेले पैसे. त्यातले किती गेले ते आईला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही.

स्क्रूड्रायव्हर टेस्ट

जुनं लाकडी बांधकाम बाहेरून बघून काही कळत नाही. रंग छान असतो, पत्रा टणटणीत असतो, आणि आत पावडर झालेली असते. पहिली तपासणी साध्या स्क्रूड्रायव्हरनं करायची. दाराच्या खांबांचा तळ, टपाच्या कडा, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे, जिथे जिथे पावसाचं पाणी उतरून थांबतं तिथे टोचून बघायचं. आमच्या डाव्या खांबात तो दांड्यापर्यंत आत गेला. लोखंडी बोल्टांभोवती लाकूड काळं पडलं होतं. ओल, लोखंड आणि लाकडातला टॅनिनचा अंश एकत्र आला की असंच होतं. बोल्ट गंजून फुगतो, भोक मोठं होतं, मग सांधा हलतो, आणि हलत्या सांध्यात आणखी पाणी शिरतं. हौद्याच्या बाभळीच्या फळ्या मात्र ठणठणीत होत्या. गुळाचा पाक मुरलेल्या, वर मुंग्यांचा जथा!

पुण्यातल्या एका मित्रानं लगेच सोल्युशन काढलं. लोखंडी चौकोनी पाइपांची केबिन वेल्ड करायची आणि वरून सागाचं व्हेनिअर चिकटवायचं. स्वस्त, पटकन, आणि फोटोत कुणाच्या बापाला कळणार नाही. आणखी एकानं इंजिनच बदलायचा सल्ला दिला: नवं टर्बो डिझेल, पॉवर स्टिअरिंग, एसी, म्युझिक सिस्टिम. ‘‘रेस्टोमॉड म्हणतात याला, एकदम हॉट आहे सध्या.’’

हॉट असेल. पण कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. व्हिंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, वीस हजार रुपये नोंदणी शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपातच हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको आणि व्यापारी वापर नको. बरं, दुचाकी-चारचाकी म्हणतात, आणि आमची चाकं सहा. गणित तुम्हीच करा. मी साधा फिटनेसचाच रस्ता धरला.

पण कायदा नसता तरी मी व्हेनिअर चिकटवलं नसतं. ‘ओरिजिनल’ या शब्दावरून आमच्या व्हिंटेजवाल्यांत तासन्‌तास वाद रंगतात, आणि लाकडी ट्रकपाशी ते सगळे गडबडतात. कारण या ट्रकचं लाकूड कधी कारखान्यातून आलेलंच नव्हतं. ते इथल्या सुतारानं घडवलं, आणि कुजेल तेवढं काढून नवं घालायचं, हे धरूनच घडवलं. आजोबांच्या हयातीत उजवा दरवाजा दोनदा बदलला होता. यात जपायचं ते काम करायची रीत आहे. लोखंडावर सागाचा मुलामा दिला तर ट्रक दिसेल लाकडी, पण कोणताही सुतार तो पुन्हा दुरुस्त करू शकणार नाही.

मिस्त्री आणि मी

मिस्त्री मिळाले मामाच्याच ओळखीनं. वय सत्तरीपुढचं, तरुणपणी ट्रकच्या केबिनी बांधलेले, नंतर आयुष्यभर किचन ट्रॉल्या केलेले. ट्रकभोवती दोन चकरा मारल्या, खांबावर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, ‘‘कुरकुरलं तर चालतंय. तडकलं तर न्हाई.’’

याचा अर्थ मला महिनाभरानं नीट कळला. ट्रकची चासी म्हणजे शिडीसारखी चौकट. एक चाक खड्ड्यात गेलं की ती पिळवटते, आणि तिनं पिळवटायलाच हवं. तिच्यावर कडक पेटी बसवली तर पेटी कोपऱ्यात फाटते. लाकडी केबिन मात्र सांध्यासांध्यातून थोडी थोडी हलते आणि तो पीळ खाऊन टाकते. म्हणून मिस्त्री मुख्य सांध्यांना चिकटवायला तयार नव्हते. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, वर बोल्ट आणि लोखंडी पट्टी, बास. माझा हट्ट इपॉक्सीचा, कारण यूट्यूबवर सगळे तेच वापरतात. तीन दिवस आमचं जुंपलं. शेवटी वाटणी झाली. खांबाचा कुजका तळ कापून तिरक्या जोडानं नवं लाकूड लावायचं तिथे इपॉक्सी, आणि जिथे दोन खांब एकमेकांना भेटतात तिथे मिस्त्रींचा कोरडा सांधा. आता चालवून बघितल्यावर सांगते, वाटणी बरोबर होती.

साग कुठून आणला? पाडलेल्या वाड्यांतून. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे आणि जुन्या लाकडाच्या वखारींत तुळया मिळतात, कित्येक वर्षं वाळलेल्या. ओलाव्याचं मीटर लावलं तर बारा टक्क्यांच्या आसपास आकडा. नवा, ओला साग वापरला असता तर पहिल्या उन्हाळ्यातच सांधे उघडले असते. जुन्या तुळईत एकच दगाफटका, आत तुटलेले खिळे. मिस्त्री प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवायचे आणि मगच रंधा लावायचे. तरी एकदा पातं गेलंच. त्या दिवशी शेडमध्ये ऐकलेले शब्द या मासिकात छापता येणार नाहीत.

टपाच्या फासळ्या सागाच्या, वर मरीन प्लाय, त्यावर पत्रा. लाकूड आणि पत्रा घासून किरकिर करू नये म्हणून मध्ये नमद्याच्या पट्ट्या. चासी आणि केबिनच्या मध्ये रबर.

मग मॉडर्न काय?

माझा नियम सोपा होता: माणूस मरू शकेल ते सगळं नवं, बाकी जुनंच.

सगळ्यात आधी वायरिंग. लाकडाच्या खोलीत साठ वर्षांच्या तडकलेल्या वायरी म्हणजे चुलीत बसून काडी ओढण्यासारखं आहे. सगळी वायरिंग उपटली, प्रत्येक सर्किटला फ्यूज दिला, डायनामोच्या जागी ऑल्टरनेटर आणि बॅटरी एका झटक्यात तोडणारा खटका. डॅशबोर्डवरची बटणं जुनीच. ब्रेकचे पाइप, सिलिंडर, लायनिंग नवं. पुढची काच लॅमिनेटेड, कारण जुन्या काचेचे तुकडे थेट चेहऱ्यावर येतात.

सीट बेल्टनं मात्र घाम काढला. पट्टा लाकडाला बांधणं म्हणजे नुसता देखावा. टक्कर झाली तर खांबासकट पट्टा उपटून येणार. म्हणून सीटच्या मागे लोखंडी चौकट केली, खांबांच्या आड लपलेली, थेट चासीवर. पट्टेही तिच्यावर आणि सीटही तिच्यावर, म्हणजे दोन्ही एकत्रच हलतील. लाकूड त्या चौकटीला कुठेही टेकत नाही, ते आपलं स्वतंत्र पिळवटत राहतं. उद्या कुणाला नको असेल तर आठ बोल्ट काढले की ट्रक पुन्हा १९६५ मध्ये.

एसी? नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय आणि तो शंभर टक्के हवाच होता. दिवसाचे बारा तास इंजिनशेजारी शिजणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. पण मी महिन्यातून एकदा सकाळी चालवणार. त्यासाठी खालच्या झडपा पुरे. इंजिन तेच ठेवलं, सहा सिलिंडरचं. ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. थांबणं हा तर त्याचा यूएसपी!

इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर ट्रॅव्हलर नावाची गाडी होती, १९७१ पर्यंत बनायची. तिच्या मागच्या भागाची अ‍ॅश लाकडाची चौकट शोभेची नव्हती, भार पेलायची. त्यामुळे तिकडच्या वार्षिक तपासणीत लाकूडही तपासतात, कुजलं असेल तर गाडी नापास. आपल्याकडे लाकडी ट्रक लाखोंनी धावले असतील, पण कुणी त्यांना वारसा म्हणालं नाही. कामाची गाडी ना ती! राजेरजवाड्यांच्या गाड्या रॅलीत, आणि गूळ वाहणारी जळणाला.

दिवाळीच्या दहा दिवस आधी शेडचं दार उघडलं. मामाचे जुने ड्रायव्हर अण्णा चालवायला बसले, मी शेजारी. पहिला गिअर, क्लच सुटला, आणि संपूर्ण केबिननं एक लांब सुस्कारा टाकला. लाकूड, नमदा, बोल्ट, सगळ्यांनी मिळून. मिस्त्री मागे हौद्यात फाळक्याला धरून उभे होते. गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात ट्रक उतरला तशी मी श्वास रोखला. कुरकुरला. तडकला नाही. अण्णा म्हणाले, ‘‘ताई, सांभाळा, स्टिअरिंगला दंड लागतात.’’ मग त्यांनी मला चालवू दिला, आणि दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही खांदे उचलत नव्हते. जिमची फी वाचली!

आता एकच भांडण उरलंय, मागच्या फाळक्याचं. पेंटरला ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचंय, त्याशिवाय ट्रक नागडा वाटतो म्हणे. महाराष्ट्रात व्यापारी वाहनांवर त्या अक्षरांना २०१५ मध्ये बंदी आली, उगाच हॉर्न वाजवायला लोकांना निमित्त मिळतं म्हणून. मामाला आजोबांचं नाव हवंय. मिस्त्रींना तिथे काहीच नको, कारण फाळक्याची मधली फळी जुन्या हौद्यातली आहे आणि तिचे रेषे रंगाखाली जातील. परवा पेंटर डबे घेऊन आला, चहा प्यायला, फळीवरून हात फिरवत बसला, आणि फक्त कडेच्या पट्ट्या पिवळ्या करून गेला. मधली फळी अजून कोरी आहे.