पाऊल पुन्हा उचलताना

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील अनेक घरांच्या माळ्यावर घुंगरांची एखादी जोडी कापडात गुंडाळून ठेवलेली असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षा झाली आणि पुढे शिक्षण, विवाह, मुले व घरचा व्यवसाय यांत नृत्य मागे पडले, ही कहाणी थोड्याफार फरकाने सारखीच. दुसरीकडे, पेढीवर वर्षानुवर्षे बसून कंबर आखडलेले गृहस्थ आहेत. नवरात्रात गरब्याच्या रिंगणाजवळ त्यांचे पाय आपोआप ताल धरतात; पण नृत्य शिकण्याची गोष्ट निघताच ते ती हसण्यावारी नेतात. या दोघांनाही सामावून घेणारे आधुनिक नृत्याचे वर्ग आज उपनगरांत आहेत. तेथवर पोहोचण्यात शरीरापेक्षा संकोचाचाच अडसर मोठा असतो.

आधुनिक नृत्याचा इतिहास पाहिला तर या संकोचाला फारसा आधार उरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इसाडोरा डंकन यांनी बॅलेची पादत्राणे टाकून अनवाणी पायांनी नृत्य केले. त्यानंतर या कलेला शिस्तबद्ध तंत्र देणाऱ्या मार्था ग्रॅहम यांनी रीतसर शिक्षणास प्रारंभ केला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. नर्तिकेसाठी हे वय तेव्हा उशिराचे मानले जाई. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था उभारली आणि पंचाहत्तरी गाठेपर्यंत त्या रंगमंचावर वावरल्या. श्वासाबरोबर देहाचे आकुंचन आणि त्यातून मुक्ती हे त्यांच्या तंत्राचे सूत्र होते.

आपल्याकडे उदय शंकर यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे लंडनला जाऊन ते नृत्याकडे वळले. कोणत्याही शास्त्रीय शैलीची परंपरागत तालीम नसतानाही त्यांनी भारतीय आधुनिक नृत्याची वाट घडवली. अस्ताद देबू यांचे उदाहरण व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचे वाटावे. बालपणी कथक शिकलेल्या देबूंनी मुंबईच्या पोदार महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली, परदेशात आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतले आणि १९७७ मध्ये परतल्यावर तिशीत नव्याने कथकलीचे धडे गिरवले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

मुंबईत या नृत्याला घरोघरी पोहोचवण्यात श्यामक दावर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचा वाटा मोठा आहे. पुढे टेरेन्स लुईस यांच्या संस्थेमुळे आणि ॲशली लोबो यांच्या डान्सवर्क्समुळे अंधेरी परिसर या शिक्षणाचे केंद्र बनला. डान्सवर्क्समध्ये शिकलेले मनीष चौहान महाविद्यालयीन वयात बॅलेकडे वळले. हे शिक्षण एरवी बालपणीच सुरू होते. त्यांच्या व अमिरुद्दीन शाह यांच्या जीवनावर आधारित ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला.

अर्थात, प्रौढ विद्यार्थ्याला रंगमंच गाठायचा नसतो. साध्या वर्गाचे स्वरूप असे असते: आरंभी सांधे व स्नायू सैल करणारे व्यायाम, मग जमिनीवर बसून-लोळून करायच्या हालचाली, त्यानंतर खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले टाकण्याचा सराव, एक छोटी नृत्यरचना आणि शेवटी शरीर शांत करणारे ताण. नवख्याला पहिल्या दिवशी काहीच जमत नाही, आणि तसे न जमणे हेच तेथे अपेक्षित असते.

पुनरागमन करणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्या मनाला ताल आठवतो, पाय मात्र तेथवर पोहोचत नाहीत. मग उत्साहाच्या भरात गुडघा किंवा घोटा दुखावतो. बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते, पण त्यातील रक्कम बुडत नाही. कागदपत्रांची पूर्तता केली की खाते पुन्हा सुरू होते. जुन्या शिक्षणाचेही तसेच आहे. येथे पूर्तता करायची ती शरीराच्या सद्यःस्थितीची. म्हणून मध्यमा उत्तीर्ण झालेल्यांनीही काही महिने प्रारंभिक तुकडीतच काढावेत. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. वर्ग निवडताना जमीन अवश्य पाहावी. फरशीवर उड्या मारण्यापेक्षा किंचित लवचीक लाकडी जमीन सांध्यांना सुखावह असते.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचाही विचार करावा. सायंकाळच्या वर्गात घाम गाळून सूर्यास्तानंतर पाणी न घेणे त्रासाचे होते. त्यांना सकाळची, पण नवकारशीनंतरची तुकडी सोयीची. उपवास वा आयंबिलाच्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि तसे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे.

लाभाविषयी अतिशयोक्ती नको. पण २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षणीय आहे. ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या त्या पाहणीत, वारंवार नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला; अन्य शारीरिक व्यायामांबाबत तसा संबंध दिसला नाही. नृत्यानेच हे घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही पावले लक्षात ठेवणे, संगीत ऐकणे आणि सोबत्यांशी जुळवून घेणे हे सारे एकाच वेळी करावे लागते, हे खरे.

जर्मनीत पिना बाऊश यांनी २००० साली आपली ‘कॉन्टाक्टहोफ’ ही गाजलेली रचना ६५ वर्षांवरील सामान्य नागरिकांकडून सादर करून घेतली. नृत्य हा त्यांचा व्यवसाय नव्हता. प्रेक्षकांसमोर उभे राहण्याचे धैर्य मात्र त्यांनी दाखवले.

आपल्या घरांत पैशाचा हिशेब चोख असतो, वेळेचाही असतो. परंतु गृहिणीचा वेळ बहुधा सर्वांच्या खात्यावर लिहिलेला असतो. वर्गाचे शुल्क भरणे त्यामानाने सोपे. आठवड्यातले दोन-तीन तास तिचे स्वतःचे आहेत, त्या वेळेत दुकानाचा निरोप नाही की चहाची मागणी नाही, हे घरातील सर्वांनी मान्य करणे अधिक कठीण. तेवढे जमले तर पुढचे पाऊल तिचे ती उचलेल. आणि कदाचित पेढीवरचे गृहस्थही महिनाभराने तिच्या मागोमाग वर्गाच्या दारात उभे दिसतील.