पाणी वाढतं, चाक वेग घेत नाही

खोपोलीत मान वर केली की डोंगरावरून उतरणारी टाटांची पाइपलाइन दिसते. लोणावळा, वलवण, शिरोटा या तलावांचं पाणी तिच्यातून सुमारे ५०० मीटर खाली येतं. नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा वेग हिशेबाने सेकंदाला १०० मीटरच्या आसपास भरतो. पेल्टन चाकाच्या वाट्यांवर ही धार आदळते आणि जनरेटर फिरतो. १९१५ साली ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी निघाली. १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं.

एसीमधला फेज समजून घ्यायला अशा केंद्रासारखी शाळा नाही. मशीन ग्रिडला जोडण्याआधी सिंक्रोस्कोपचा, म्हणजे दोघांच्या फेजमधला फरक दाखवणाऱ्या मापकाचा, काटा गोल फिरत असतो. वेग जुळत आला की तो मंदावतो. बाराच्या जागी येता येता ब्रेकर लावायचा. भलत्या कोनात लावला तर शाफ्टला जबर हिसका बसतो. एकदा जोडलं की मशीन ग्रिडच्या ५० हर्ट्‌झला बांधलं गेलं. मग पाणी वाढवा, चाक जास्त वेगाने फिरत राहत नाही. रोटर काही अंश पुढे सरकून तिथेच टिकतो, आणि त्या वाढलेल्या कोनामुळे जादा किलोवॉट तारांवर जातात. पाण्याचा सगळा जोर त्या कोनात उतरतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

एक्साइटेशनचं काम वेगळं. रोटरच्या गुंडाळीतला डीसी वाढवला तर किलोवॉट तेवढेच राहतात, वाढते ती रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर. मोटरला चुंबकीय क्षेत्र उभारायला ती लागते. म्हणून करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा मोटरकडून तारेत परत येते. तिला वाया गेलेली वीज म्हणणं मला पटत नाही. तिच्याविना मोटर हलणार नाही. पण प्रवासी न उतरता परत आले तरी एसटी घाटातली जागा अडवतेच, तसं हे येणंजाणं तारा अडवतं आणि तापवतं.

खालापूर पट्ट्यातल्या कारखानदाराला हे बिलात भेटतं. एप्रिल २०२०पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे हे येणंजाणंही धरून मोजलेल्या विजेवर निघतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएमधला कामाचा हिस्सा, ०.८ असेल तर ८० किलोवॉटच्या कामाला १०० केव्हीए ओढावे लागतात, त्यात ६० केव्हीएआर. तेवढाच कपॅसिटर मोटरपाशी बसवला की ती देवघेव दोघांत आपसांत होते. लाइनचा करंट पाचव्या हिश्शाने उतरतो, आणि तारेतली उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटते.