न नांगरलेल्या जमिनीची साक्ष

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की भातकुली तालुक्यातून वाहणारी पेढी नदी गढूळ होते. तो रंग आपल्याच वावरांतील काळ्या मातीचा असतो. पेढी ही माती पूर्णेला देते आणि पूर्णा तापीला. आपल्या शेतातून दरवर्षी नेमकी किती माती जाते, हे मात्र डोळ्यांना कळत नाही. एक हेक्टर शेतावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी सुमारे १३ टन माती गेलेली असते.

ही न दिसणारी झीज मोजण्याचे एक साधन मानवाच्या एका अविचारी कृत्यातून हाती आले आहे. १९४५ नंतर महासत्तांनी वातावरणात अण्वस्त्रांच्या अनेक चाचण्या केल्या. त्यांतून निर्माण झालेले सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य उंच हवेत पसरले आणि पावसाबरोबर जगभर जमिनीवर उतरले. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबविण्याचा करार केला. त्याच सुमारास या वर्षावाने उच्चांक गाठला होता. शेतात आज आढळणारे त्याचे प्रमाण अत्यल्प आहे. ते मोजण्यास संवेदनशील यंत्रेच लागतात.

सीझियम मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटते. पाण्यात ते फारसे विरघळत नाही व पिकांतही अल्पच उतरते. त्यामुळे माती हलली तरच ते हलते. मोजणीसाठी प्रथम असे सपाट ठिकाण शोधावे लागते, जेथे १९५० नंतर नांगर फिरलेला नाही, माती गेलेली नाही आणि बाहेरून आलेलीही नाही. हे संदर्भस्थळ होय. तेथील आणि शेतातील मातीचे उभे नमुने नळीने काढून, वाळवून, गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात ठेवतात. संदर्भस्थळापेक्षा शेतात सीझियम कमी असेल तर माती वाहून गेली. अधिक असेल तर ती तेथे येऊन साचली.

समजा, नांगरटीचा थर २० सेंटिमीटर आहे आणि शेतातील सीझियम संदर्भस्थळापेक्षा २० टक्के कमी भरले. स्थूलमानाने ४ सेंटिमीटर माती गेली. हे ६० वर्षांत घडले असेल, तर हेक्टरी दरवर्षी सुमारे ९ टन हानी झाली. गाळाच्या थरांचे वय ठरविण्यासाठीही याच सीझियमचा उपयोग केला जातो.

वऱ्हाडात मात्र एक सावधगिरी हवी. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत घसरते आणि सीझियमही खाली जाते. म्हणून येथे नमुना नांगरटीच्या थराखालूनही घ्यावा लागतो.

दुसरी अडचण काळाची आहे. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. १९६३ साली पडलेल्यापैकी आज जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे आणि तोही घटतो आहे. पुढे दीर्घायुषी प्लुटोनियमचा आधार घेता येईल. परंतु संदर्भस्थळ तेथेही लागतेच.

यासाठीच गावातील ई-क्लास जमीन, जुनी स्मशानभूमी, कधीही न नांगरलेला एखादा सपाट तुकडा, यांचे मोल ओळखले पाहिजे. असा तुकडा एकदा नांगरला किंवा मुरूम टाकून भरला, की शेजारच्या सर्व शेतांचा हिशेब तपासणारी साक्ष कायमची नाहीशी होते. ज्यांची सारी मिळकत दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांच्यासाठी माती हेच भांडवल आहे. त्याची मोजदाद होईल तेव्हा होईल. तोवर उताराला आडवी पेरणी करणे आणि धुऱ्यावरचे गवत राखणे हे आपल्याच हाती आहे. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी असा एक तरी तुकडा शोधून तो जपावा, ही नम्र विनंती.