जलतट पुनर्विकास, नागरी

नगरातील समुद्रकिनारा, नदीकाठ वा सरोवरकाठ यांवरील गोद्या, धक्के, गुदामे, लोहमार्ग, कारखाने इत्यादींनी व्यापलेली जमीन त्यांचा मूळ उपयोग कमी झाल्यावर नव्याने नियोजित करून सार्वजनिक वापरासाठी खुली करण्याच्या प्रक्रियेस जलतट पुनर्विकास म्हणतात. विहारमार्ग, उद्याने, वस्तुसंग्रहालये, बाजार, प्रवासी धक्के, निवासी वसाहती इ. स्वरूपांत तो आढळतो. नगररचना, स्थापत्य अभियांत्रिकी, जलविज्ञान व भूमि-अर्थशास्त्र या शाखांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

कारणे : एकोणिसाव्या शतकात आगबोटी व लोहमार्ग आल्यानंतर बंदर-नगरांतील पाण्यालगतच्या पट्ट्यात मालाची चढउतार व साठवण एकवटली आणि जकात व सुरक्षितता यांसाठी त्याभोवती भिंती उभ्या राहिल्या. त्यामुळे पाण्याकाठच्या नगरातही सामान्य रहिवाशांस पाण्यापर्यंत जाणे दुष्कर झाले. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पुढील दोन-तीन दशकांत ही वाहतूकपद्धती जगभर रूढ झाली. तिला खोल पाणी, विस्तीर्ण मोकळे आवार आणि महामार्गांशी थेट जोडणी लागते. जुन्या गोद्यांत या सोयी अपुऱ्या असल्याने व्यापार नगराबाहेरील नव्या बंदरांकडे वळला व नगराच्या ऐन मध्यभागी मौल्यवान जमीन ओस पडू लागली.

परदेशांतील प्रयोग : अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे अंतर्बंदराभोवतीच्या जुन्या धक्क्यांच्या जागी विहारमार्ग करण्यात आला, १९८० मध्ये तेथे बाजारसंकुल व १९८१ मध्ये राष्ट्रीय मत्स्यालय सुरू झाले. हा नमुना अनेक नगरांनी अनुसरला. पोर्टलंडने १९७४ मध्ये नदीकाठचा द्रुतगती मार्ग काढून टाकून तेथे उद्यान केले. लंडनमधील गोद्यांच्या पुनर्विकासासाठी १९८१ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले व ते १९९८ पर्यंत कार्यरत होते. स्थानिक नगरसंस्थांना वगळून बांधकामास अनुमती देण्याचे अधिकार त्यास होते. त्यातून कॅनरी वॉर्फसारखे मोठे व्यापारी केंद्र निर्माण झाले. परंतु नवे रोजगार प्रामुख्याने वित्तक्षेत्रातील असल्याने जुन्या गोदी-कामगारांस त्यांचा लाभ क्वचितच झाला, अशी टीका झाली. १९९२ मध्ये या केंद्राची विकासक कंपनी दिवाळखोरीत गेल्याने केवळ जमिनीच्या चढत्या भावावर विसंबण्यातील धोकाही दिसून आला.

अहमदाबाद : भारतातील सर्वांत परिचित प्रयोग साबरमतीच्या काठावरील होय. त्यासाठी १९९७ मध्ये महानगरपालिकेने स्वतंत्र कंपनी स्थापन केली. वास्तुविद बिमल पटेल यांच्या आराखड्यानुसार दोन्ही काठांवर प्रत्येकी सु. ११·५ किमी. लांबीच्या भिंती बांधून पात्राची रुंदी सु. २६३ मी. अशी एकसारखी करण्यात आली. भरावातून सु. २०० हे. जमीन मिळाली व तिचा मोठा भाग रस्ते, उद्याने आणि विहारमार्ग यांसाठी राखला गेला. काठालगत मैलापाण्याच्या अंतर्रोधी वाहिन्याही टाकण्यात आल्या. साबरमती वर्षाचा बराच काळ कोरडी असते. नगरात दिसणारे पाणी नर्मदा कालव्यातून सोडलेले असून वासणा येथील बंधाऱ्याने ते अडविले जाते. बंधाऱ्याखालील पात्र मात्र औद्योगिक व घरगुती सांडपाण्याने दूषित राहिले व २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. काठावरील झोपडपट्ट्यांतील हजारो कुटुंबांना हलवावे लागले. त्यांचे पुनर्वसन न्यायालयीन देखरेखीखाली झाले; परंतु नवी घरे उपजीविकेच्या जागांपासून दूर असल्याने अनेकांच्या रोजगारास बाध आला.

मुंबई : मुंबईचा पश्चिम किनारा चौपाट्या व मरीन ड्राइव्ह यांमुळे लोकांस खुला राहिला, तर पूर्व किनारा १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे गेला. ससून गोदी (१८७५), प्रिन्सेस गोदी (१८८०), व्हिक्टोरिया गोदी (१८८८) व अलेक्झांड्रा गोदी (१९१४, आताची इंदिरा गोदी) यांच्याभोवती गुदामांची विस्तृत पट्टी तयार झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनर वाहतूक तिकडे गेली. तेव्हापासून या जमिनीच्या भवितव्याची चर्चा होत आहे. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने तिच्या पुनर्विकासाचा विचार केला व २०१८ मध्ये सु. ९६६ हे. क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. तथापि ही जमीन रिकामी नाही. ससून गोदी व भाऊचा धक्का येथील मासळीव्यवसाय, दारुखान्यातील जहाजतोडणी, जुने भाडेकरू आणि झोपडपट्ट्यांतील रहिवासी यांचा निर्वाह तिच्यावर चालतो. शिवडीच्या चिखलठाणी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. शिवाय बंदराचा काही भाग अद्याप वापरात आहे.

मूल्यमापन : जलतटाच्या पुनर्विकासाने जमिनीचे मूल्य अनेक पटींनी वाढते; हे मूल्य कोणाच्या पदरी पडते, हा त्यातील कळीचा प्रश्न होय. विक्रीयोग्य भूखंडांतून खर्च भरून काढण्याची पद्धत सोयीची असली, तरी तीत काठ पुन्हा खाजगी कुंपणाआड जाण्याचा संभव असतो. म्हणून काठालगतचा सलग पट्टा कायम सार्वजनिक मालकीचा ठेवणे, तेथे विनाशुल्क प्रवेश देणे, मच्छीमारांचे धक्के व जाळी वाळविण्याच्या जागा आराखड्यातच राखणे आणि विस्थापितांचे पुनर्वसन शक्यतो त्याच परिसरात करणे, या अटी आवश्यक मानल्या जातात. पात्र अरुंद केल्यास पुराचे पाणी चढते आणि समुद्रपातळीतील वाढीमुळे भरावाच्या सखल जमिनीस धोका वाढतो. भारतात किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने १९९१ पासून भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध घातले असून २०११ व २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. हे निर्बंध पाळूनही काठ लोकांस कितपत खुला झाला, हाच अशा योजनेच्या यशाचा अंतिम निकष ठरतो.