मानसिक विकारांच्या निदानातील बोधनिक पूर्वग्रह : स्वरूप व उपाय

प्रस्तावना :
शारीरिक आजाराच्या निदानास रक्ततपासणी, क्ष-किरण यांसारख्या साधनांचा आधार मिळतो. बहुतांश मानसिक विकारांसाठी अशी निर्णायक चाचणी उपलब्ध नाही. रुग्णाचे कथन, नातेवाइकांनी दिलेली माहिती आणि तज्ज्ञाचे निरीक्षण यांवरच निदान मुख्यतः अवलंबून असते. साहजिकच तज्ज्ञाच्या विचारप्रक्रियेतील दोष थेट निदानात उतरतो. या दोषांचे स्वरूप व ते कमी करण्याचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वग्रहांचे स्वरूप :
अनिश्चित परिस्थितीत माणूस विचारांच्या सोप्या वाटा निवडतो व त्यातून ठरावीक प्रकारच्या चुका घडतात, हे ट्वर्स्की व काहनेमन यांनी १९७४ मध्ये दाखविले. निदान करताना यांपैकी दोन प्रवृत्ती विशेष घातक ठरतात. पहिली, प्रथम मिळालेल्या माहितीला चिकटून राहणे. दुसरी, आपल्या मताला पुष्टी देणारेच पुरावे शोधणे. संदर्भपत्रावर ‘नैराश्य’ असे लिहिलेले असेल, तर पूर्वी येऊन गेलेल्या उन्मादाच्या झटक्यांविषयी विचारणेच राहून जाते. द्विध्रुवीय विकाराच्या रुग्णाला केवळ नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद उफाळण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे थायरॉईड ग्रंथीच्या मंद कार्यामुळे येणारी मरगळ मानसिक समजली गेल्यास मूळ आजार तसाच राहतो.

संशोधनाचा आधार :
टेमरलिन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याची ध्वनिमुद्रित मुलाखत तज्ज्ञांना ऐकविली. ही व्यक्ती वस्तुतः मनोविकृत आहे, असे एका प्रतिष्ठित तज्ज्ञाचे मत आधी कानावर पडलेल्या २५ मनोविकारतज्ज्ञांपैकी १५ जणांनी मनोविकृतीचे निदान केले. अशी सूचना न मिळालेल्या गटांत ते कोणीही केले नाही.

न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णालयांच्या तौलनिक अभ्यासाचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेचे निदान न्यूयॉर्कमध्ये बरेच अधिक होत असे. मात्र संशोधकांनी दोन्हीकडे समान संरचित मुलाखत वापरताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. फरक प्रामुख्याने रुग्णांत नव्हता, निदानाच्या पद्धतीत होता.

उपाय :
पूर्वग्रहाची केवळ जाणीव असणे पुरेसे नाही. कार्यपद्धतीच बदलावी लागते. त्यासाठी पुढील उपाय उपयुक्त ठरतात :
१. सर्व रुग्णांना ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणारी संरचित मुलाखत घेणे.
२. निदान नोंदविण्यापूर्वी किमान एक पर्यायी निदान व आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा लिहून ठेवणे.
३. शारीरिक कारणांची तपासणी करणे.
४. उपचारांचा परिणाम नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ सारख्या मापिकेने वेळोवेळी मोजणे आणि अपेक्षित सुधारणा नसल्यास औषधाबरोबर निदानाचाही फेरविचार करणे.
५. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना आपले निदान त्यास आधी न सांगणे.

समारोप :
भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम ३ नुसार पूर्वीचे उपचार किंवा रुग्णालयातील वास्तव्य संबद्ध असले, तरी केवळ त्यावरून व्यक्तीला आज मनोरुग्ण ठरविता येत नाही. जुन्या शिक्क्याला चिकटून राहण्याच्या प्रवृत्तीस कायद्यानेच घातलेला हा प्रतिबंध आहे. तो प्रत्यक्षात उतरावयाचा, तर जुन्या नोंदीकडे उत्तर म्हणून न पाहता पुन्हा तपासावयाचे गृहीतक म्हणून पाहण्याचे शिक्षण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास पदव्युत्तर वर्गापासूनच मिळणे आवश्यक आहे.