गुंता खाली, कारण वर!

घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत उपनगरांतील कितीतरी घरांत शिवणयंत्रावर भरतकाम चालते. ब्लाउजच्या बाहीवर वेल, फ्रॉकच्या घेरावर फुले, अशा कामाची मजुरी बहुधा नगावर मिळते. यंत्र अडले की मजुरीही अडते. अशा वेळची नेहमीची तक्रार म्हणजे कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून दोष बॉबिनला दिला जातो, तिच्या डबीचा बारीक स्क्रू पिळला जातो आणि यंत्र अधिकच बिघडते. खरे कारण मात्र पुष्कळदा वर असते. ते कसे, हे पाहू या.

१८४६ साली अमेरिकेतील इलायस हौ याला शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. त्याच्या यंत्रात टोकाशी नेढे असलेली सुई आणि दोन दोरे होते. आजही टाका तसाच पडतो. सुईच्या एका अंगाला लांब खोबण असते. सुई खाली जाताना दोरा त्या खोबणीत सुरक्षित राहतो. दुसऱ्या अंगाला अशी लांब खोबण नसते. सुई तळाला जाऊन जरा वर आली की या अंगाचा दोरा कापडाच्या घर्षणाने अडतो आणि त्याचा छोटा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते. मग यंत्राच्या तोंडाशी वर-खाली नाचणारी दांडी उरलेला दोरा वर ओढून घेते. टाका आवळला जातो.

आता येथे रस्सीखेच सुरू होते. वरचा दोरा दोन तबकड्यांमध्ये दाबलेला असतो. स्प्रिंग जितकी घट्ट, तितके घर्षण जास्त. यालाच कारागीर ‘टेन्शन’ म्हणतात. खालच्या दोऱ्याला डबीवरची छोटी पट्टी दाबते. ज्याचा ताण जास्त, तो गाठ आपल्याकडे खेचतो. साध्या शिवणीत गाठ कापडाच्या मधोमध हवी. भरतकामात मात्र ती उलट बाजूला जावी म्हणून वरचा ताण थोडा सैल ठेवतात. पण वरचा ताण नाहीसाच झाला तर? दांडीने ओढले की फास आवळण्याऐवजी रिळावरून नवाच दोरा येतो, आणि सैल फास कापडाखाली साचत जातात. हाच तो गुंता!

ताण नाहीसा कसा होतो? बहुतेक यंत्रांत दाबाचा पाय उचलला की तबकड्या उघडतात. भरतकामाच्या वेळी हा पाय काढून टाकतात, कापड सरकवणारे दाते खाली उतरवतात आणि रिंगेत ताणलेले कापड हाताने फिरवतात. पायच नसल्याने त्याची कळ खाली पाडायची राहून जाते! म्हणून लक्षात ठेवा: दोरा ओवताना कळ वर, काम करताना कळ खाली.

दुसरी तक्रार दोरा तुटण्याची. एक सोपे गणित करा. फास बॉबिनभोवती न्यायला समजा ६० मिलिमीटर दोरा लागतो आणि टाक्यात त्यातला ३ मिलिमीटरच खर्च होतो. बाकीचा परत वर जातो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक भाग कापडात बसण्यापूर्वी नेढ्यातून सुमारे २० वेळा खाली आणि २० वेळा वर जातो. नेढ्याला किंवा वाटेतल्या कडीला किंचित खरखर असली, तरी दोरा करवतीने कापावा तसा झिजतो.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक भर पडते. दमट हवेने पट्टीला व कड्यांना गंज चढतो आणि खरखर वाढते. चमकदार रेयॉनचा दोरा ओला झाला की त्याचे बळ पुष्कळ कमी होते, तर सुती दोऱ्याचे उलट थोडे वाढते. म्हणून रेयॉनची रिळे झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

यंत्र अडले तर मोठ्या माणसांच्या मदतीने या क्रमाने तपासा. आधी मोटरचा प्लग काढा. पायमशीन असल्यास पट्टा उतरवा.

१. वरचा दोरा काढून पुन्हा ओवा.
२. सुईची खोबण दोरा ओवण्याच्या बाजूला आहे ना, ते पाहा. बोथट सुई बदला.
३. दोऱ्याच्या वाटेवर कापूस फिरवा. तंतू अडकले तर तेथे खरखर आहे.
४. तबकड्यांतील आणि शटलजवळील तूस मऊ ब्रशने काढा.
५. भरलेली डबी दोऱ्याने लोंबकळत धरा. ती आपोआप घसरू नये, पण हलका झटका देताच थोडी खाली यावी.

एवढे झाल्यावरच वरचा स्क्रू फिरवा. डबीच्या स्क्रूला अगदी शेवटी आणि पाव फेऱ्याहूनही कमी हात लावा.

हे सारे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर पांढऱ्या चिंधीवर प्रयोग करा. वर लाल, बॉबिनवर निळा दोरा लावा. वरचा ताण सैल, मध्यम आणि घट्ट ठेवून तीन ओळी शिवा. लाल फास खाली कधी दिसतात आणि निळे ठिपके वर कधी येतात, त्याची नोंद वहीत करा. पुढच्या वेळी घरचे यंत्र अडले की ती वही उघडा.