फिल्डमनला थोडी मोकळीक



मोठ्या संस्थेत वरून परिपत्रक निघते आणि खालचा माणूस ते वाचून दाखवतो. काम चालते, पण नवे काही निघत नाही.

१९१० साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत. पहिले नांगर खपेनात! पण लक्ष्मणरावांनी माणसे पदवी पाहून घेतली नाहीत. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. गुन्हेगार म्हणून बदनाम असलेल्या तुकाराम रामोशीकडे त्यांनी रखवाली सोपवली.

आता आपल्या कुंभार पिंपळगावकडे वळू. खोडव्यातले पाचट जाळले नाही तर एकरी ३-४ टन काडीकचरा रानातच कुजतो. पण ते सरीआड ठेवायचे की सगळीकडे, हे रान पाहूनच ठरते. भारी काळ्या रानात वाफसा उशिरा येतो, मुरमाडात पाणी टिकत नाही. हे फिल्डमनला आणि चिटबॉयला दिसते, टेबलावर बसून आम्हाला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की प्रत्येक गटात १० गुंठे फिल्डमनच्या मर्जीने करू द्यावेत, खर्च कारखान्याने सोसावा. शेजारी तेवढाच साधा प्लॉट ठेवून दोन्हींचे वजन काट्यावर करावे. फसले तर जाब नको, पण नोंद हवीच. तसे नसेल तर दुसऱ्या वर्षी कोणी हात घालणार नाही.

ऊसनोंद आणि तोडणीच्या पाळीत मात्र ही मोकळीक नाही. तिथे मर्जी आली की वशिला आलाच.

१० गुंठे द्यायला तयार असणाऱ्यांनी गट कार्यालयात सांगावे.